जिना चढण्यापुरता नाच

नाचता येईना, अंगण वाकडं, असं लोक म्हणतात. माझ्या बाबतीत अंगण चांगलं सरळ होतं, रोज पुसलेलं होतं. वाकडी होती ती छाती.

इस्पितळाच्या मागच्या अंगाला एक हॉल आहे. मोडक्या खाटा आणि सलाईनचे गंजके स्टँड एका भिंतीशी लोटून ठेवलेले, आणि उरलेल्या जागेत आम्ही नाचायचो. आम्ही म्हणजे कोण, तर आंघोळ करून कपडे घालेपर्यंत ज्यांना दोनदा खाली बसावं लागतं अशी माणसं. कुणाच्या नाकात नळी, कुणाच्या हातात औषधाचा पंप, आणि ज्यांना सतत ऑक्सिजन लागतो त्यांच्या शेजारी चाकांवरचा सिलिंडर. पाववाला आपल्या सिलिंडरकडे बोट दाखवून म्हणायचा, "ही माझी जोडीदारीण बघा, कशी मुकाट्याने मागे मागे येते. बायको कधी आली नाही." तो जन्मभर भट्टीपाशी पाव भाजत होता. मैदा त्याच्या छातीत जाऊन बसला तो बसलाच.

मी तिथे हौसेने गेले नव्हते. मला दोन जिने चढायचे होते.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, माझी आणि आक्काची. आक्का माझी थोरली बहीण. तिचा नवरा लवकर गेला, माझा आलाच नाही, त्यामुळे दोघी एकत्रच म्हाताऱ्या झालो. त्याच इमारतीत तळमजल्यावर आमची भाची राहते, मधल्या बहिणीची मुलगी. मला धाप लागून इस्पितळात नेलं आणि तिथून सोडलं ते भाचीकडे, कारण डॉक्टरांनी जिना बंद केला. आणि आक्का वर. तिचं खुब्याचं हाड मोडलंय, या वयात जुळायचं नाही म्हणून तसंच ठेवलंय. नुसतं कुशीवर वळवलं तरी किंचाळते, मग तिला खाली आणायची गोष्टच सोडा. म्हणजे एक बहीण खाली, एक वर, मधे दोन जिने. ती परगावी असती तर मी मन मारलं असतं. डोक्यावरच्या छताकडे बघत कसं मारायचं?

आक्काला ऐकू येत नाही. आम्ही दोघी गाद्यांच्या कारखान्यात होतो, कापूस पिंजायच्या यंत्रावर. त्या यंत्राने आमची वाटणी केली. तिचे कान घेतले, माझी छाती घेतली. यंत्र चालू असलं की शेजारचीचंही ऐकू यायचं नाही, म्हणून तिथल्या सगळ्या बायका ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ हलवायचे. मुकादम समोर उभा असताना त्याच्या नाकावर टिच्चून आम्ही त्याची टिंगल करायचो आणि तो बापडा आम्ही पान चघळतोय असं समजायचा. पुढे कान पार गेले तरी आक्काचं काही अडलं नाही. ती ओठ वाचते. फक्त माणूस समोर हवं.

भाचीने फोनवर तोंड दाखवायची सोय करून पाहिली. ती वर आक्काच्या खाटेपाशी, मी खाली शेजारणीच्या मोबाइलसमोर. पण आक्काच्या डोळ्यांतही आता मोतीबिंदू. तळहाताएवढ्या काचेत तिला माझे ओठ दिसेनात, त्यात चित्र मधेच थिजायचं. मी "आक्का, अगं मी खालीच आहे" म्हणत राहिले आणि तिकडे माझं तोंड उघडंच राहिलेलं दिसलं. आक्काने मान फिरवली.

"जुनं आहे हे," ती भाचीला म्हणाली. "आधी काढून ठेवलेलं. मला फसवू नका. ती गेली."

"नाही गं मावशी, खाली आहे. माझ्याच घरात आहे!"

"खाली आहे तर वर का येत नाही?"

काय चुकीचं बोलली ती? मधली गेली तेव्हा आक्का तापाने फणफणलेली होती. डॉक्टर म्हणाले, आता सांगू नका. तेव्हा सगळ्या घराने मिळून "इस्पितळात आहे, बरी होतेय" असं तिला सांगितलं, आणि ती उठून बसल्यावर खरं कळलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आता मलाही इस्पितळात नेलं होतं, मीही बरी होत होते, आणि मीही दिसत नव्हते. चिठ्ठी पाठवावी तर दोघी अक्षरशत्रू.

मग तिने जेवण सोडलं. भाचीने बळेच पाजलेलं घोटभर दूध तेवढं पोटात जायचं. रुसली असती तर मी समजले असते, रुसव्यात तिचा हातखंडा आहे. पण भाची म्हणाली, मावशी भांडत नाही, ताटाकडे बघते आणि शांतपणे तोंड मिटून घेते. "ती गेली, मग मी कुणासाठी राहू," एवढंच म्हणाली.

मला वर न्यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. सामान हलवणारी दोन माणसं बोलावली. खुर्चीत बसवून उचललं, पण आमचा जिना अरुंद आणि वळणाचा, पहिल्याच वळणावर खुर्ची अडकली ती मागेही येईना, पुढेही जाईना. मग एकाने पाठंगुळीला घेतलं. त्याच्या पाठीवर माझी छाती दाबली गेली आणि माझे ओठ काळेनिळे पडले. "बाई, आम्ही फ्रीज नेतो, कपाटं नेतो," खाली ठेवून तो माणूस घाम पुसत म्हणाला, "पण कपाट मरत नाही हो." माझ्या डोळ्यांपुढे अंधारी होती, तरी मला हसू आलं आणि हसण्यानेच पुन्हा धाप लागली.

डॉक्टर म्हणाले, चढायचंच असेल तर स्वतःच्या पायांनी, आणि त्याआधी नाचाच्या वर्गाला जा. मला वाटलं, माणूस थट्टा करतोय. बहीण उपाशी मरतेय आणि मी नाचू? लोक माझ्या तोंडात शेण घालतील!

पहिल्याच दिवशी मी वर्ग घेणाऱ्या व्यायामवाल्या पोरीला विचारलं, "ज्याला श्वास नाही त्याला नाचवतेस. उद्या लंगड्याला शर्यतीत पळवशील?"

"पळवीन की," ती म्हणाली. "आधी उभ्या तर राहा, आजी."

उर्मट होती, पण कामाची होती. तिने नीट समजावलं. छाती गेली ती गेली, ती परत यायची नाही. पण बसून बसून पाय गळतात, आणि गळालेल्या पायांना हवा जास्त लागते. पाय बळकट केले की आहे तेवढ्या हवेत भागतं. "नुसतं चाला म्हटलं की माणसं दुसऱ्या दिवशी येत नाहीत," ती म्हणाली. "नाचा म्हटलं की एकमेकांना हसायला तरी येतात."

ती गाणं लावायची, बिनशब्दांचं, संथ. एक पाय बाजूला, दुसरा त्याच्याजवळ, हात वर, हात खाली. मग पुढे, मग मागे. दमलात तर खुर्चीत बसा, पण बसल्याबसल्या टाच हलत राहिली पाहिजे. ती मधून मधून येऊन बोटाला चिमटा लावायची आणि रक्तात हवा किती ते बघायची. बाकीच्यांचा आकडा खाली जायचा आणि सावरायचा. माझा खाली जायचा तो तिथेच बसायचा. चार पावलांत मी खुर्चीवर. हॉलच्या कोपऱ्यात एक लाकडी पायरी ठेवली होती, तीवर चढ-उतर करून दाखवायची असायची. त्या एका पायरीला मी हरायचे. घरी आलं की भाची वरून उतरायची, हातात तसंच भरलेलं ताट घेऊन.

एक दिवस पोरीने गाणंच बंद केलं आणि माझ्या तोंडाजवळ कान आणला. "आजी, पाय उचला. हं. आता श्वास कुठाय?"

"इथेच आहे की."

"नाहीये. जोर लावायच्या आधी तुम्ही तो कोंडून धरता. सगळे थोडा धरतात, तुम्ही तर कुलूपच लावता."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कारखान्यात यंत्राचं झाकण उघडून कापूस आत ढकलायचा असे, तेव्हा तूस असं उसळायचं की समोरचं दिसू नये. नव्या बाईला पहिल्या दिवशी जुन्या बायका एकच शिकवायच्या. श्वास धर, जोर लाव, तोंड फिरव, मग श्वास घे. आक्कानेच मला शिकवलं होतं, कानाला धरून. सारा जन्म मी जोर म्हणजे श्वास धरणं असंच समजत आले. जी गोष्ट छाती वाचवायला शिकले तीच आता माझा जीव घेत होती, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही हे मला कुणी सांगायला नको होतं.

"जोर लावताना फुंकर सोडायची," पोरगी म्हणाली. "ओठांचा चंबू करून." मी केला. पाय उचलला की चंबू आपोआप मिटायचा. "मोठ्याने आकडे म्हणा." एक म्हणायचे, पाय उचलायचे, दोन घशातच. "गाणं म्हणा." मला कुठलं गाणं येतंय! पाववाला आपला पलीकडे डुलत होता, तो म्हणाला, "म्हातारे, तुझ्याच्याने होणार नाही. तू बस, आणि चहा पी."

"तूच बस, मेल्या! तुझ्या बापाचा हॉल आहे का हा? पिठाच्या पोत्या!"

आणि पोरगी ओरडली, "आजी, पाय!" मी बघितलं तर मी पायरीवर चढले होते.

श्वास धरून शिव्या देता येत नाहीत. तुम्ही करून बघा. शिवी बाहेर पडते तीच श्वासावर बसून. त्या दिवसापासून आमच्या वर्गात गाण्याबरोबर माझ्या शिव्या चालू झाल्या. उजवा पाय, "मेल्या," डावा पाय, "मुडद्या," हात वर, "तुझं वाटोळं होवो." बाकीचेही सुरू झाले. पाववाल्याने मैद्याच्या व्यापाऱ्याचा उद्धार केला. पोरगी हसून हसून भिंतीला टेकली आणि म्हणाली, "शेजारच्या वॉर्डातून तक्रार येईल." आली पण. पण माझा आकडा त्या दिवशी खाली जाऊन परत वर आला.

मला वाटलं, आता जमलं. तिथेच माझं चुकलं.

पाववाला यायचा बंद झाला. दोन दिवस मी त्याच्या खुर्चीकडे बघत नाचले, मग विचारलं. पोरगी चिमट्याची वायर गुंडाळत बसली होती. "छातीत कफ साचला," म्हणाली. "परवा रात्री गेले." ज्याला मी पिठाचं पोतं म्हटलं त्याच्यामुळे मी पायरी चढले, आणि त्याला साधं बरं म्हटलं नव्हतं. मी त्या दिवशी नाचले नाही. हॉलमध्ये कुणीच धड नाचलं नाही.

घरी आले तर भाची जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेली. रडून तिचं तोंड सुजलं होतं.

"मावशी पाणीही नको म्हणतेय," ती म्हणाली. "डॉक्टर बघून गेले. म्हणाले, इस्पितळात नेऊन नळी घालू, पण खाटेवरून उचलतानाच तिला सोसणार नाही. नाही तर तिने आपणहून घ्यायला हवं."

मी वर्गातल्या पोरीला फोन लावायला सांगितला. ती स्पष्ट म्हणाली, "एक जिना कदाचित. दोन नाही. अजून थोडे आठवडे द्या, आजी."

"माझ्याकडे आहेत गं आठवडे," मी म्हटलं. "तिच्याकडे नाहीत."

 पोरगी म्हणाली, "ऑक्सिजन बरोबर ठेवा. भाचीला मागे ठेवा. बोलणं थांबलं की तुम्हीही थांबा."

घरातलं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालणारं, म्हणून भाचीने लहान सिलिंडर खांद्याला अडकवला आणि बोटाचा चिमटा बरोबर घेतला. नळी माझ्या नाकात. कठड्याला हात लावला तेव्हा भीती वाटली, हे कबूल करते. मी घाबरट नाही. पण वर जाण्याआधी मी मेले तर आक्काचंच खरं ठरणार होतं, आणि ते मला सहन होणारं नव्हतं.

शिव्या कुणाला द्यायच्या हा प्रश्न नव्हता.

"हट्टी," पाऊल. "म्हातारे," पाऊल. "टवळे," पाऊल. "तुला," पाऊल, "मी मेलेली," पाऊल, "बरी दिसते का?" वळण आलं, जिथे खुर्ची अडकली होती तिथे भिंतीचा पोपडा निघालेला होता. मी त्याच्याकडे न बघता पुढे गेले. "कडू कारलं," पाऊल. "तुपात तळलं," पाऊल. "साखरेत घोळलं," पाऊल. "तरी कडू," पाऊल, "ते कडूच." पहिला मजला आला. भाचीने चिमटा लावला आणि आकडा मला दाखवला नाही, त्यावरून मला कळलं. मी भिंतीला टेकले, गुडघ्यांवर हात ठेवले, फुंकर सोडत राहिले.

दुसऱ्या जिन्यात शब्द तुटायला लागले. "टव," पाऊल. "ळे," पाऊल. मग शब्दच येईना. पाय उचलला आणि छातीला कुलूप लागलं, अगदी कारखान्यातल्यासारखं. श्वास ना आत, ना बाहेर. माझ्या डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. मी पायरीवर बसले, बसले काय, कोसळलेच. भाची सिलिंडरची चावी फिरवायला लागली. मी तिचा हात धरला, हवा जास्त सोडली की अशा छातीचा श्वासच मंदावतो, म्हणून चावीला हात लावायचा नाही हे पोरीने दोघींना बजावलं होतं. भाची रडत म्हणाली, "मावशी, पुरे. खाली जाऊ. तुम्ही दोघी एकाच दिवशी गेलात तर मी काय करू?"

एवढा वेळ ती पोर दोन म्हाताऱ्यांच्या मधे वर-खाली करत होती, आणि तिच्या मनात काय चाललंय हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तिला जवळ घ्यायला माझ्याकडे हवा नव्हती. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ओठांचा चंबू केला. फुंकर निघाली. पुन्हा निघाली. बऱ्याच वेळाने मला शब्द सापडला. "रडू," मी म्हटलं, "नकोस, गाढवे." आणि उठले.

उरलेल्या पायऱ्या मी चढले की रांगले ते मला सांगता येणार नाही. भाची म्हणते, दोन्ही.

खोलीत औषधाचा आणि बंद खिडकीचा वास होता. आक्का खाटेवर होती, आणि ती इतकी लहान झाली होती की आधी मला नुसती चादरच दिसली. मग तिचे डोळे उघडले. मी दारात उभी, चौकटीला धरून, केस सुटलेले, तोंड निळं, नाकात नळी. तिने माझ्याकडे पाहिलं. ती दचकली नाही. तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी हसू आलं असेल कोण जाणे, आणि ते हसू बघून माझं काळीज फाटलं.

"आलीस?" ती म्हणाली. "न्यायला आलीस ना? मी तयार आहे."

मी मान हलवली, नाही नाही. तिला ते दिसलंच नाही. ती चादर बाजूला सारायला लागली, मोडका खुबा घेऊन उठायला लागली. मला बोलायचं होतं आणि हवा नव्हती. मी ओठ हलवले तर धापेने तेही वाकडेतिकडे होत होते, तिला वाचता येईनात. कशीबशी खाटेपर्यंत गेले, तिच्या शेजारी पडले आणि तिचा हात ओढून माझ्या छातीवर दाबला.

ती छाती तुम्ही ऐकली नाही. आत फुटका भाता चालावा तशी ती चालली होती, घरघरत, उसळत, हाडं वर येत होती. आक्काचा हात तिच्यावर वरखाली होत होता. आक्का बघत राहिली, माझ्याकडे, मग हाताकडे. तिची बोटं आखडली, माझ्या पोलक्यात रुतली. हसू विझलं आणि तिचा चेहरा रागाने लाल व्हायला लागला. तो राग मी जन्मभर ओळखते. इतका सुंदर तो मला कधी दिसला नव्हता.

"जिवंत आहेस?"

मी मान हलवली. हो.

"मग एवढे दिवस कुठे होतीस?"

धाप थोडी बसली होती. ओठ आता माझं ऐकत होते. मी तिच्या डोळ्यांसमोर तोंड नेलं आणि आवाज न काढता, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"नाचत होते."

तिने माझ्या थोबाडीत मारली. जीव नव्हता हातात, नुसता गाल पुसल्यासारखं झालं, पण मारायचीच होती ती. मग तिने दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि हमसून हमसून रडली, आणि मीही रडले, श्वास पुरेल तेवढंच. भाचीने वाटीत पेज आणली. आक्काने तिच्या हातून नको म्हटलं. मी चमचा धरला, तो सांडत होता, निम्मी पेज तिच्या हनुवटीवर गेली, तरी ती गिळत होती. डॉक्टर म्हणाले होते की एवढ्या उपासानंतर फारसं काही हाती लागेलसं वाटत नाही. मला ते आठवत होतं. मी चमचा भरत राहिले.

वाटी संपल्यावर भाचीने हळूच विचारलं, "मावशी, खाली कधी उतरायचं? उद्या तुमचा वर्ग आहे."

वर्गाला गेले नाही तर पाय पुन्हा गळतील, आणि गळाले की काय होतं ते मला त्या पोरीने नीट शिकवलं होतं. मी आक्काकडे बघितलं. तिने माझं मनगट धरलं होतं आणि ती आमच्या दोघींच्या ओठांवर डोळे लावून होती.

"खालचं मशीन वर आण," मी म्हटलं. "आणि माझी उशी."